स्पर्शज्ञानाचा शोध : हृदयवत्थूपासून मेंदूच्या नकाशापर्यंत

पालि वाङ्मयाच्या अभ्यासास नव्याने प्रारंभ करणारा मराठी वाचक 'फस्स' या शब्दापाशी हमखास फसतो. पटिच्चसमुप्पादाच्या साखळीत सळायतनानंतर फस्स आणि फस्सानंतर वेदना येते. कोशात फस्स म्हणजे स्पर्श असा अर्थ पाहून तो समाधानाने पुढे जातो. वस्तुतः हा फस्स त्वचेचा स्पर्श नव्हे. इंद्रिय, विषय आणि विञ्ञाण या तिहींचे एकत्र येणे यास सुत्तपिटकात फस्स म्हटले आहे; त्यामुळे डोळ्याचाही फस्स असतो आणि कानाचाही. व्यवहारात आपण ज्याला स्पर्श म्हणतो त्याचा विषय तो 'फोट्ठब्ब', त्याचे इंद्रिय तो 'काय' आणि त्यापासून होणारे ज्ञान ते 'कायविञ्ञाण'. हा भेद ध्यानात न घेता आधुनिक मेंदूशास्त्र आमच्या ग्रंथांत पूर्वीच सांगितले आहे, अशी विधाने आपल्या सभा-संमेलनांतून उत्साहाने केली जातात. प्रस्तुत लेखात स्पर्शाचे ज्ञान मेंदूत कसे घडते हे मनुष्यास क्रमाक्रमाने कसे उमगत गेले, याचा इतिहास आम्ही मांडणार आहोत. आणि त्या इतिहासात अभिधम्माच्या आचार्यांना नेमके कोणते स्थान देता येते, हेही पाहणार आहोत.

स्पर्शज्ञान होते कोठे, या प्रश्नास प्राचीन जगातील अनेक थोर विचारवंतांनी 'हृदयात' असे उत्तर दिले. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) याच्या मते सर्व संवेदनांचे केंद्र हृदय असून मेंदूचे काम शरीरातील उष्णता शमविण्याचे होते. भारतात सुश्रुतसंहितेने चेतनेचे स्थान हृदय हेच मानले. थेरवादी अट्ठकथाकार कायविञ्ञाणाचा आश्रय सर्व शरीरभर पसरलेला 'कायपसाद' मानतात. कापसात तेल मुरावे तसा तो देहात मुरलेला असतो, असा दृष्टांत अट्ठसालिनीत येतो. परंतु त्या संवेदनेचा पुढे विचार करणारे जे मन, त्याचा आश्रय त्यांनी 'हृदयवत्थु' हाच सांगितला. येथे मूळ अभिधम्मपिटकाचा संयम लक्षात घेण्याजोगा आहे. पट्ठानात मनोविञ्ञाण ज्या रूपाच्या आश्रयाने प्रवर्तते 'ते रूप' एवढाच निर्देश असून त्याचे नाव दिलेले नाही. हृदयाचे नाव घातले ते नंतरच्या भाष्यकारांनी.

मग मेंदू कोठे होता? सतिपट्ठानसुत्तातील शरीरभागांच्या यादीत एकतीस भाग असून त्यांत मेंदू नाही. खुद्दकपाठातील द्वत्तिंसाकारात 'मत्थलुंग' हा भाग धरून संख्या बत्तीस होते. पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील अनुराधपूरच्या महाविहारात बसून विसुद्धिमग्ग रचणाऱ्या बुद्धघोसाचार्यांनी या फरकाचा उलगडा असा केला की, मेंदू हा अस्थिमज्जेतच अंतर्भूत धरलेला आहे. म्हणजे कवटीतील मगज ही हाडातील मज्जेचीच एक जात! मात्र त्याचे वर्णन करताना ते विलक्षण नेमके आहेत. रंग अळंबीच्या गरासारखा पांढरा, किंवा फाटलेल्या पण अद्याप दही न झालेल्या दुधासारखा. आणि कवटीच्या चार सांध्यांस अनुसरून पिठाचे चार गोळे एकत्र ठेवावेत तशी त्याची ठेवण. गोव्याचे थोर पालि पंडित धर्मानंद कोसंबी यांच्या देवनागरी आवृत्तीमुळे (मुंबई, १९४०) हा ग्रंथ आपल्याकडील अभ्यासकास सहज उपलब्ध झाला. जिज्ञासूंनी तो भाग मुळातून वाचावा. उघडलेली कवटी कोणीतरी लक्षपूर्वक पाहिली असावी, अशी खात्री ते वर्णन वाचून पटते. पण त्या पांढऱ्या गोळ्याचे कार्य काय, हा प्रश्न तेथे विचारलेला नाही. हे झाकून ठेवण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. अशुभभावनेसाठी केलेल्या यादीकडून शरीरशास्त्राची अपेक्षा करणे हेच मुळी अप्रस्तुत आहे.

मेंदूकडे जाणारी वाट दाखविली ती वैद्यांनी, आणि तीही रोग्यांच्या शय्येपाशी. इ. स. पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे हिरॉफिलस व एरासिस्ट्रेटस यांनी शवविच्छेदन करून मज्जातंतूंचा माग घेतला. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने एक प्रकरण नोंदवून ठेवले आहे. पॉसेनियस नावाच्या एका सीरियन विद्वानाच्या करंगळीतील, अनामिकेतील आणि मधल्या बोटाच्या अर्ध्या भागातील संवेदना नष्ट झाली होती. इतर वैद्य बोटांनाच लेप लावीत होते. गेलनने विचारपूस केली तेव्हा कळले की, काही काळापूर्वी तो रथातून पडला होता आणि त्याच्या पाठीचा वरचा भाग दगडावर आपटला होता. गेलनने बोटांवरील औषध काढून ते मानेखालच्या मणक्यांवर लावण्यास सांगितले व रोगी बरा झाला. औषधाच्या गुणाविषयी आज कोणी ग्वाही देणार नाही. परंतु बोटाची संवेदना बोटात नसून तिचा मार्ग कण्यातून जातो, हे ज्ञान त्या साध्या प्रश्नातून हाती आले. तो मार्ग आज आपणांस पुष्कळ तपशिलाने ठाऊक आहे. हलक्या स्पर्शाचा व अवयवांच्या स्थितीचा संदेश मज्जारज्जूत ज्या बाजूने शिरतो त्याच बाजूने वर चढतो आणि मेंदूच्या बुडाशी पोहोचल्यावर दुसऱ्या बाजूस ओलांडतो. वेदना व उष्णतेचा संदेश मात्र मज्जारज्जूत शिरल्यावर लवकरच ओलांडतो. दोहोंची पुढची वाट मेंदूच्या गाभ्यातील थॅलॅमस या केंद्रातून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्राऊन-सेकार या शास्त्रज्ञाने मज्जारज्जूच्या एकाच बाजूच्या इजेचा अभ्यास करून हा भेद पुढे आणला.

त्याच शतकात स्पर्श मोजला जाऊ लागला. लाइपझिग येथील एर्न्स्ट हाइन्रिख वेबर यांनी १८३४ साली प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथात कर्कटकाची दोन टोके त्वचेवर टेकवून, ती दोन आहेत हे केव्हा कळते व केव्हा एकच वाटते, याची मोजणी केली. बोटाच्या अग्रावर दोन-तीन मिलिमीटरचे अंतर पुरते. पाठीवर चाळीस मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक लागते. वाचकांनी डोळे मिटून हा प्रयोग दोन काडेपेटीच्या काड्यांनी घरी करून पाहावा.

पण याच कर्कटकाचा पुढे जो उपयोग झाला तो आपल्या वाचकांनी अवश्य जाणून घेतला पाहिजे. त्वचा मोजणारे साधन माणसांच्या जाती मोजू लागले. १८९८ साली केंब्रिजच्या विद्वानांचे एक पथक टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर गेले. तेथील रहिवाशांची स्पर्शशक्ती इंग्रजांहून सुमारे दुप्पट सूक्ष्म असल्याचे त्यांपैकी मॅक्डूगल यांनी नोंदविले. इंद्रिये तीक्ष्ण असलेला मनुष्य बुद्धीने मागास असतो, असे मानणारे विद्वान त्या काळी थोडे नव्हते. म्हणजे मोजणी कशीही आली तरी निकाल ठरलेलाच! अमेरिकेतील रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९१० साली दाखवून दिले की, अशा बाबतींत दोन समूहांतील सरासरीच्या फरकापेक्षा एकाच समूहातील माणसामाणसांतील फरक अधिक असतो. १९१६ साली टिचनर यांनी त्या बेटांवरील मोजणीच्या पद्धतीवरच कठोर टीका केली. आपल्या देशात त्याच सुमारास रिस्ले हे अधिकारी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावीत होते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात अशीच मोजमापे हाती घेऊन, ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत ही उपपत्ती त्या मोजमापांच्याच आधारे खोडून काढली, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

१८८२ ते १८८५ या काळात स्वीडनमधील ब्लिक्स, जर्मनीतील गोल्डशायडर आणि अमेरिकेतील डोनाल्डसन या तिघांना एकमेकांपासून स्वतंत्रपणे आढळले की, त्वचेवर थंडीचे ठिपके वेगळे व उष्णतेचे वेगळे असतात. फोन फ्राय यांनी निरनिराळ्या जाडीचे केस काडीस बांधून दाबाचे व वेदनेचे ठिपके शोधले. पाचिनी, माइस्नर, मेर्केल व रुफिनी यांची नावे लाभलेले सूक्ष्म ग्राहक एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली सापडले होते. स्पर्श हे एक इंद्रिय नसून अनेक इंद्रियांचा मेळ आहे, हे यातून स्पष्ट झाले.

येथे अभिधम्मातील एका जुन्या वादाकडे वळणे आवश्यक आहे. महाभूते चार : पठवी, आपो, तेजो व वायो. यांपैकी शरीरास प्रत्यक्ष कोणत्या भूतांचा स्पर्श होतो? धम्मसंगणीचे उत्तर असे की, पठवी, तेजो व वायो या तिहींचाच. आपोधातू हा फोट्ठब्ब नव्हे. म्हणजे काठिण्य-मार्दव, उष्ण-शीत आणि दाब-कंप एवढेच शरीरास कळते. पाण्यास हात लावला असता जे थंड वाटते तो तेजोधातूचा मंदपणा. जे मऊ वाटते ती पठवी. जो रेटा वाटतो तो वायो. बांधून ठेवणारे जे पाण्याचे लक्षण ते केवळ मनालाच कळते. सर्वास्तिवाद्यांना हे मान्य नव्हते. वसुबंधूंच्या अभिधर्मकोशात स्पर्शाचे अकरा विषय सांगितले असून त्यांत चारही महाभूते येतात. भूक आणि तहानसुद्धा येतात. थंडपणा हीच आपोधातू का मानू नये, या शंकेस अट्ठसालिनीने दिलेले उत्तर वाचनीय आहे. पाण्यास हात लावून 'मला पाणी लागले' असे म्हणणारा मनुष्य प्रत्यक्षात अनुमान करीत असतो, असा त्या मताचा इत्यर्थ होय.

आता १९०० सालाकडे पाहावे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात बेंटली या मानसशास्त्रज्ञाने बोटावर पातळ पडद्याचे आवरण चढवून ते थंड पाण्यात बुडविले. बोटास पाण्याचा थेंबही लागला नव्हता. तरी प्रयोगातील व्यक्तीस बोट भिजल्याची जाणीव झाली. सम दाब आणि थंडी यांच्या संयोगातून ओलेपणाचा प्रत्यय निर्माण होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मानवी त्वचेत ओलावा ओळखणारा स्वतंत्र ग्राहक आजतागायत सापडलेला नाही. थंडी, दाब व घसरण यांचे संदेश जुळवून मेंदूच 'ओले' असा निर्णय देतो.

हे साम्य चित्तवेधक आहे यात शंका नाही. तथापि थेरवादी आचार्य तेथे पोहोचले ते विश्लेषणाने, बेंटली पोहोचले प्रयोगाने; आणि अभिधम्मातील 'मन' म्हणजे आजच्या शास्त्रातील मेंदू असे समीकरण मांडण्यास आधार नाही. आचार्यांचे श्रेय इतकेच आणि ते अल्प नव्हे : स्पर्शाने जे कळते व स्पर्शावर जे लादले जाते, त्या दोहोंत रेघ ओढली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. ती रेघ न ओढल्याचे मोल आपल्या समाजाने दिले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी व त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी पाणी उपसून व पंचगव्य ओतून ते तळे 'शुद्ध' केले. पाण्याला लागलेला तो विटाळ कोणत्या इंद्रियाने जाणला होता? त्वचेतील एकाही ग्राहकाने नाही, एकाही मज्जातंतूने नाही. तो सर्वस्वी शिकविलेला होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्पर्शाच्या अभ्यासकांनी स्वतःच्या शरीरावर जे प्रयोग केले, ते या इतिहासातील आमच्या मते सर्वांत उल्लेखनीय प्रकरण होय. रोग्यांना आपल्या संवेदना नीट सांगता येत नाहीत, म्हणून लंडनचे वैद्य हेन्री हेड यांनी २५ एप्रिल १९०३ रोजी शल्यवैद्याकरवी स्वतःच्या डाव्या हातातील संवेदक मज्जातंतू कापवून घेतले व टोके पुन्हा शिवून घेतली. त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ ते सवडीनुसार केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या महाविद्यालयीन खोलीत जात, डोळे मिटून बसत आणि रिव्हर्स त्यांच्या हातावर कापूस, टाचणी, बर्फ, ऊन पाणी लावून उत्तरे टिपून घेत. (हेच रिव्हर्स टॉरेस बेटांवरील पथकात होते आणि निलगिरीतील तोडा लोकांवरील १९०६चा ग्रंथही यांचाच.) आधी परतली ती भरड संवेदना : टाचणीची वेदना, तीव्र थंडी, तीव्र उष्णता, तीही नेमकी कोठे होते आहे हे न कळणारी, पण तीव्र नकोशी वाटणारी. सूक्ष्म स्पर्श, सौम्य उष्णता व दोन टोकांतील भेद कळणे हे बऱ्याच काळाने आले. यावरून हेड यांनी स्पर्शाच्या एक आदिम व एक प्रगत अशा दोन स्वतंत्र व्यवस्था कल्पिल्या. १९०८ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच वर्षी ट्रॉटर व डेव्हिस या दोघांनी स्वतःचे मज्जातंतू कापून पाहिले. त्यांना तसा दोन पायऱ्यांचा क्रम आढळला नाही. पुढे अमेरिकेत बोरिंग यांनीही तेच केले व हेड यांच्या उपपत्तीस दुजोरा दिला नाही. उपपत्ती टिकली नाही. पण केवळ नाव मोठे म्हणून ती कोणी स्वीकारली नाही, हेही तितकेच खरे. कालामसुत्त ज्यांना आदरणीय वाटते त्यांनी ट्रॉटर आणि डेव्हिस यांच्याकडे दुर्लक्ष करू नये.

१९२६ साली केंब्रिजचे एड्रियन यांनी स्वीडिश सहकारी झॉटरमन यांच्यासह एकाच संवेदक तंतूतील विद्युत् स्पंद नोंदविले. दाब वाढला तर स्पंद मोठा होत नाही. स्पंदांची गती तेवढी वाढते. याचा अर्थ, फुलाचा स्पर्श असो वा फटक्याचा, मेंदूकडे जाते ती एकसारख्या ठोक्यांची मालिकाच. कोणत्या तंतूवरून ठोके आले आणि किती वेगाने आले, यावरून मेंदू बाकीचे ठरवितो. स्पर्श करणाऱ्या हाताचे कुळ-गोत्र सांगणारी खूण त्या ठोक्यात नसते.

मेंदूतील जागेचा नकाशा काढला तो कॅनडातील मॉन्ट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड यांनी. अपस्माराच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करताना ते केवळ कातडी बधिर करीत आणि रोगी जागा असताना मेंदूच्या पृष्ठभागास सौम्य विद्युत् प्रवाह लावीत. हे शक्य होते, कारण साऱ्या देहाचा स्पर्श जाणणाऱ्या मेंदूस स्वतः स्पर्श केलेला मात्र कळत नाही. मध्यघळीमागच्या वळीस प्रवाह लागताच रोगी सांगत : अंगठ्यात मुंग्या आल्या, ओठ बधिर झाला. १९३७ साली बोल्ड्री यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी या जागा मांडल्या. पाय मेंदूच्या मधल्या फटीत, त्याखाली धड, मग हात, बोटे, आणि त्यांस लागून चेहरा, ओठ व जीभ. पाठीस चिंचोळी जागा, तर बोटांना व ओठांना अफाट. वेबर यांच्या कर्कटकाने बाहेरून मोजलेले आत असे चितारलेले सापडले.

हा नकाशा जन्मतः कोरलेला व अचल आहे, असा समज बराच काळ होता. १९८०च्या दशकात मर्झेनिक, कास व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांतून दाखविले की, एका बोटाचा संदेश बंद झाला की शेजारच्या बोटांचा प्रदेश तेथे पसरतो. (या क्षेत्रातील ज्ञानाचा मोठा भाग मुक्या प्राण्यांच्या यातनांवर उभा आहे, याची नोंद केल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही.) १९९३ साली ब्रेल लिपी वाचणाऱ्या अंधांच्या वाचनाच्या बोटाची, आणि १९९५ साली व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये वाजविणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांची मेंदूतील जागा विस्तारलेली आढळली. नियम बोटांच्या अभ्यासाचा आहे, वाद्याच्या प्रतिष्ठेचा नव्हे. आमच्या मते विणकराच्या, कुंभाराच्या वा चामड्याचे काम करणाऱ्याच्या बोटांना तो वेगळा लागू होईल असे मानण्यास कारण नाही.

१९९२च्या सुमारास तमिळनाडूत जन्मलेले व कॅलिफोर्नियात संशोधन करणारे व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात तुटलेल्या व्यक्तीच्या गालास कापसाचा बोळा लावला, तेव्हा तिला तो नसलेल्या हाताच्या बोटांना लागल्यासारखा वाटला. नकाशात चेहरा हाताच्या शेजारी असल्याने त्याने हाताची जागा व्यापली, असा अर्थ लावला गेला व तो फार लोकप्रिय झाला. परंतु येथेही पुढे दुरुस्ती झालीच. हात कापण्यापूर्वी व नंतर दीर्घकाळ त्याच व्यक्तींचे मेंदू तपासणाऱ्या, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाताचा नकाशा बव्हंशी जागच्या जागी असल्याचे आढळले. अनिच्चतेचा दाखला म्हणून मेंदूच्या लवचीकतेचे उदाहरण देणाऱ्या उपदेशकांनी हे ध्यानी घ्यावे.

राहिला प्रश्न सुख-दुःखाचा. अभिधम्मात एक लक्षणीय भेद आहे : डोळा, कान, नाक व जीभ यांची विञ्ञाणे उपेक्षासहगत, मात्र कायविञ्ञाण सुखसहगत किंवा दुःखसहगतच. ऐरणीवर कापूस ठेवून त्यावर कापसाने मारले तर ऐरणीस काही होत नाही, पण हातोडा मारला तर तो कापूस ओलांडून ऐरणीवर आदळतो. इतर इंद्रियांचे तसे पहिले व कायेचे दुसरे, असा दृष्टांत अट्ठसालिनी देते. स्वीडनमधील वालबो, ओलाउसोन आदी संशोधकांनी केसाळ त्वचेत अतिशय मंद, सेकंदास सुमारे एक मीटर गतीचे तंतू मनुष्यातही असल्याचे दाखविले. सूक्ष्म स्पर्शाचे वेगवान तंतू याच्या कित्येक पटींनी जलद. रोगाने वेगवान तंतू नष्ट झालेल्या एका स्त्रीच्या हातावरून मऊ कुंचला फिरविला असता तिला अंधुकसे सुखद काही जाणवे. त्या वेळी पेनफील्ड यांच्या नकाशाचा प्रदेश जागृत होत नसे. मेंदूच्या आतील, इन्सुला नावाचा भाग जागृत होई. २००२ सालचा हा निष्कर्ष आहे. या तंतूंना सर्वाधिक चेतना मिळते ती सेकंदास एक ते दहा सेंटिमीटर या गतीने कुरवाळल्यावर. माता बालकाच्या अंगावरून हात फिरविते साधारण त्याच गतीने. स्पर्श कोठे झाला हे सांगणारी आणि तो कसा वाटला हे सांगणारी अशा दोन वाटा आहेत. मात्र इतर इंद्रियांविषयी अभिधम्म जे म्हणतो त्यास यातून पुष्टी मिळते असे नाही.

अगदी आरंभीची पायरी, म्हणजे दाबाचे विद्युत् स्पंदात रूपांतर करणारा घटक, सापडला तो सर्वांत शेवटी. २०१० साली आर्डेम पाटापूटियन व सहकाऱ्यांनी 'पिएझो' नावाची प्रथिने शोधली. पेशीचे आवरण ताणले की त्यांचे दार उघडते. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली मिरचीतील दाहक द्रव्याच्या साहाय्याने उष्णतेचा ग्राहक शोधला होता. मिरचीचा तिखटपणा ही जिभेची चव नसून भाजल्याची संवेदना आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. या दोघांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. यांपैकी पिएझो-२ हे प्रथिन जन्मतः निकामी असलेल्या दोन रुग्णांचा वृत्तांत २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांना वेदना कळते, ऊन-थंड कळते. पण डोळे बांधले की, आपला हात कोणी वर उचलला की खाली नेला हे त्यांना सांगता येत नाही, आणि आधारावाचून चालताही येत नाही.